हृदयाचे ठोके अनियमित असताना औषधे सुरक्षितपणे कशी घ्यावीत: नव्याने गोळ्या सुरू झालेल्यांसाठी

गेली २२ वर्षे मी पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट म्हणून काम करते. ठोक्यांच्या अनियमिततेचे निदान नुकतेच झालेला माणूस चिठ्ठी घेऊन काउंटरपाशी येतो, तेव्हा त्याचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: "यातली ठोक्यांची गोळी कोणती?" चिठ्ठीवर तीन-चार नावे असतात आणि त्यांतली सर्वांत महत्त्वाची गोळी पुष्कळदा ठोक्यांची नसतेच. एवढे नीट समजले तरी पुढच्या बऱ्याच चुका टळतात, म्हणून लेखाची सुरुवात तिथूनच करते. डोस ठरवणे, बदलणे आणि बंद करणे हे आपल्या डॉक्टरांचे काम आहे. त्यांनी ठरवलेले औषध घरात, प्रवासात आणि सणावारांत कसे सांभाळायचे, एवढाच येथे विषय आहे.

१. प्रत्येक गोळीचे काम लिहून घ्या

अनियमित ठोक्यांचे प्रकार अनेक आहेत, परंतु उतारवयात सर्वाधिक आढळणारा आणि दीर्घकाळ गोळ्या घ्याव्या लागणारा प्रकार म्हणजे एट्रिअल फिब्रिलेशन. यात हृदयाचे वरचे कप्पे एका लयीत आकुंचन पावण्याऐवजी नुसतेच थरथरत राहतात. त्यामुळे दोन गोष्टी घडतात. एक तर खालच्या कप्प्यांकडे जाणारे विद्युतसंदेश वेडेवाकडे पोहोचतात आणि नाडी जलद व अनियमित होते. धडधड, दम लागणे, थकवा जाणवतो तो यामुळे. दुसरी गोष्ट जाणवत नाही. थरथरणाऱ्या डाव्या वरच्या कप्प्याच्या एका लहानशा खळग्यात रक्त साचून राहते, तिथे गुठळी बनू शकते आणि ती सुटून मेंदूकडे गेली तर पक्षाघात होतो. हा विकार नसलेल्या माणसाच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका साधारण पाचपट असतो.

यावरूनच गोळ्यांचे तीन गट पडतात. पहिला गट नाडीचा वेग आवरणारा: मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, डिल्टियाझेम, व्हेरापामिल, डिगॉक्सिन. दुसरा गट लय पूर्ववत आणण्याचा किंवा टिकवण्याचा प्रयत्न करणारा: ॲमिओडॅरोन, सोटॅलॉल, फ्लेकेनाईड, प्रोपॅफेनोन. तिसरा गट गुठळी होऊ न देणारा: वॉरफरिन, ॲसेनोक्युमॅरॉल, तसेच डॅबिगॅट्रान, रिव्हॅरोक्साबॅन, ॲपिक्साबॅन ही नवी औषधे. पहिल्या दोन गटांचा परिणाम आपल्याला छातीत कळतो. तिसऱ्या गटाचा परिणाम कधीच कळत नाही, कारण न झालेली गुठळी कोणाला जाणवणार? आणि ही गोळी द्यायची की नाही हे डॉक्टर धडधड किती होते यावरून ठरवत नाहीत. वय, रक्तदाब, मधुमेह, पूर्वीचा पक्षाघात, हृदयाची अशक्तता, झडपांची स्थिती अशा गोष्टींवरून ठरवतात. म्हणून "आता धडधड होत नाही, मग ही कशाला?" असे म्हणून नेमकी हीच गोळी बंद करणारे रुग्ण दर महिन्याला भेटतात, आणि प्रत्येक वेळी मला मनापासून भीती वाटते.

घरी एक वही करावी. प्रत्येक गोळीपुढे औषधाचे मूळ नाव, मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा, आणि "ही कशासाठी" हे आपल्या शब्दांत लिहावे. "रक्त पातळ करायची गोळी" एवढेच लिहू नये. बोलीत ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि ॲपिक्साबॅन या तिन्हींना आपण हेच म्हणतो, पण त्यांची कामे निराळी आहेत. एट्रिअल फिब्रिलेशनमधील पक्षाघात रोखायला ॲस्पिरिन पुरेसे नसते, आणि डॉक्टरांनी सांगितले नसताना ते दुसऱ्या औषधासोबत चालू ठेवले तर रक्तस्रावाचा धोका मात्र वाढतो.

२. औषध विकत घेताना

शक्य असेल तर सगळी औषधे एकाच दुकानातून घ्यावीत. दुकान बदलले की कंपनी बदलते, पट्टीचा रंग बदलतो आणि घरात जुनी पट्टीही शिल्लक असते. मेटोप्रोलॉल दोन वेगळ्या नावांनी सकाळ-संध्याकाळ घेणारे एक निवृत्त शिक्षक आमच्याकडे आले होते. एक चिठ्ठी फॅमिली डॉक्टरांची, दुसरी हृदयरोगतज्ज्ञांची, आणि दोन्ही गोळ्या एकच आहेत हे त्यांना ठाऊक नव्हते. चक्कर येते म्हणून ते चक्करेची गोळी मागत होते. नाडी मोजली तर मिनिटाला ४२ ठोके. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगते की पट्टीवर एक नाव कंपनीने दिलेले असते, दुसरे औषधाचे खरे नाव असते आणि वहीत ते खरे नाव लिहायचे असते.

जन औषधी केंद्रातील किंवा इतर जेनेरिक औषध घ्यायला हरकत नाही. दीर्घकाळ चालणाऱ्या उपचारात पैशांअभावी गोळी चुकणे अधिक वाईट. मात्र वॉरफरिन किंवा ॲसेनोक्युमॅरॉल चालू असेल तर कंपनी वारंवार बदलू नये, आणि बदलावी लागली तर डॉक्टरांना सांगून रक्ताची तपासणी लवकर करून घ्यावी. ॲसेनोक्युमॅरॉल १, २, ३ आणि ४ मिलिग्रॅममध्ये मिळते, म्हणून पट्टी हातात घेतल्यावर आकडा वाचल्याशिवाय काउंटर सोडू नये. त्याचप्रमाणे मेटोप्रोलॉल दोन प्रकारचे असते, एक लगेच विरघळणारे आणि दुसरे दिवसभर हळूहळू सुटणारे. नावापुढची एक्सएल किंवा ईआर ही अक्षरे याच फरकाची असतात. हळूहळू सुटणारी गोळी चावू किंवा कुटू नये.

शेवटची पट्टी उघडली की त्याच दिवशी पुढची आणावी. पेठांत राहणाऱ्यांनी अनंत चतुर्दशीच्या आधी हे आवर्जून पाहावे. लक्ष्मी रस्ता, टिळक रस्ता, केळकर रस्ता आणि कुमठेकर रस्ता मिरवणुकीसाठी बंद झाला की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतही दुकानापर्यंत पोहोचणे कठीण होते.

३. वेळ, पाणी, जेवण आणि डबा

रिव्हॅरोक्साबॅनची १५ किंवा २० मिलिग्रॅमची गोळी जेवणासोबतच घ्यावी लागते, कारण रिकाम्या पोटी ती पुरेशी शोषली जात नाही. एकादशीला किंवा नवरात्रात केवळ पाण्यावर राहणाऱ्यांनी ही गोष्ट डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवावी. ॲपिक्साबॅन जेवणाआधी किंवा नंतर कधीही चालते, पण दिवसातून दोनदा, साधारण बारा तासांच्या अंतराने. डॅबिगॅट्रानची कॅप्सूल पेलाभर पाण्यासोबत अख्खी गिळावी आणि उघडून आतले दाणे कधीही घेऊ नयेत, कारण तसे केल्यास शरीरात जाणारे औषध बरेच वाढते. ही कॅप्सूल दमटपणा सहन करत नाही, म्हणून ती आठवड्याच्या खणांच्या डब्यात काढून ठेवू नये. मूळ पाकिटातच ठेवावी. इतर बहुतेक गोळ्यांसाठी तो डबा फार उपयोगी आहे. डबा ओट्यावरच्या फडताळात, न्हाणीघरात किंवा उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ठेवू नये.

ॲसेनोक्युमॅरॉलचा डोस पुष्कळदा एक दिवस २ आणि एक दिवस ३ मिलिग्रॅम असा आलटून-पालटून लिहिलेला असतो, तर डिगॉक्सिन काही रुग्णांना आठवड्यातून पाच दिवसच दिले जाते. असा डोस लक्षात ठेवण्याच्या भरवशावर राहू नये. भिंतीवरच्या ज्या दिनदर्शिकेवर आपण दुधाचा हिशेब लिहितो, तिच्यावरच महिन्याच्या सुरुवातीला प्रत्येक तारखेच्या चौकोनात त्या दिवशीचे मिलिग्रॅम लिहावे आणि गोळी घेतली की त्यावर काट मारावी. ॲसेनोक्युमॅरॉल आणि वॉरफरिन सहसा संध्याकाळी घ्यायला सांगतात, कारण त्या दिवशीच्या तपासणीचा निकाल आला तर डोस त्याच रात्री बदलता येतो.

४. गोळी विसरली तर

दुप्पट गोळी घेऊ नये, हा नियम सर्व औषधांना लागू आहे. वॉरफरिन किंवा ॲसेनोक्युमॅरॉल त्याच दिवशी आठवले तर घ्यावे, दुसऱ्या दिवशी आठवले तर सोडून द्यावे आणि वहीत नोंद करावी. ॲपिक्साबॅन किंवा दिवसातून एकदाचे रिव्हॅरोक्साबॅन आठवताच त्याच दिवशी घ्यावे. डॅबिगॅट्रानच्या पुढच्या डोसला सहा तासांहून कमी वेळ उरला असेल तर राहिलेली कॅप्सूल सोडावी. नव्या औषधांचा परिणाम सुमारे एका दिवसात ओसरतो. म्हणून "एक दिवस नाही घेतली तर काय होते" हे जुन्या वॉरफरिनच्या काळातले समाधान त्यांना लागू होत नाही. गोळी घेतली की नाही हेच आठवत नसेल, तर अंदाजाने पुन्हा घेऊ नये.

५. नाडी आणि तपासण्या

नाडी मोजायला पाच मिनिटे शांत बसून, अंगठ्याच्या बाजूला मनगटावर तर्जनी, मधले बोट आणि अनामिका टेकवावी. अंगठ्याने मोजू नये, कारण अंगठ्याची स्वतःची नाडी जाणवते. नियमित नाडी पंधरा सेकंद मोजून चारने गुणता येते, पण अनियमित नाडीत ही युक्ती फसते, म्हणून पूर्ण साठ सेकंद मोजावे. रक्तदाबाचे घरगुती यंत्रही अशा नाडीत एका वेळी एक आणि दुसऱ्या वेळी भलताच आकडा दाखवते. लागोपाठ तीन वेळा मोजून तिन्ही आकडे लिहावेत. विश्रांतीत मिनिटाला ११० च्या खाली ठोके असणे पुष्कळ रुग्णांत स्वीकारार्ह मानतात, परंतु आपल्यासाठी वरची आणि खालची मर्यादा कोणती, हे डॉक्टरांकडून आकड्यात लिहून घ्यावे. नाडी ५० च्या खाली जात असेल किंवा उभे राहताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर वेग आवरणारी पुढची गोळी घेण्याआधी फोन करावा. स्वतःच्या मनाने ती कायमची बंद मात्र करू नये. मेटोप्रोलॉलसारखी औषधे एकाएकी थांबवली की ठोके उसळून वाढू शकतात.

वॉरफरिन किंवा ॲसेनोक्युमॅरॉल घेणाऱ्यांना आयएनआर ही, रक्त गोठायला किती वेळ लागतो ते आकड्यात सांगणारी, तपासणी करावी लागते. एट्रिअल फिब्रिलेशनमध्ये हा आकडा साधारणपणे २ ते ३ असावा लागतो. कृत्रिम झडप असेल तर तिच्या प्रकारानुसार डॉक्टर तो याहून वर ठेवतात. सुरुवातीला काही दिवसांच्या अंतराने आणि डोस स्थिरावल्यावर महिन्याकाठी तपासणी होते. "नव्या गोळ्यांना तपासणी लागत नाही, मग मला जुनी का दिली?" असे विचारणाऱ्यांना एक खुलासा हवा. बालपणीच्या संधिवाती तापाने झडप बऱ्यापैकी आकसली असेल किंवा धातूची झडप बसवलेली असेल, तर नवी औषधे वापरत नाहीत. आपल्याकडे अशा झडपांचे रुग्ण अजूनही पुष्कळ आहेत. शेजाऱ्याची गोळी नवी आहे म्हणून आपली बदलून मागू नये.

नव्या औषधांना आयएनआर लागत नसला तरी तपासणीच लागत नाही असे नाही. ती कमी-अधिक प्रमाणात मूत्रपिंडावाटे बाहेर पडतात, म्हणून वर्षातून किमान एकदा क्रिएटिनिन आणि हिमोग्लोबिन पाहावे. पंचाहत्तरीनंतर अधिक वेळा. ॲमिओडॅरोनची गोष्ट वेगळीच आहे. त्याच्या २०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत सुमारे ७५ मिलिग्रॅम आयोडीन असते आणि ते शरीरात आठवडेच्या आठवडे साठून राहते. त्यामुळे थायरॉईड आणि यकृताची तपासणी सुरुवातीला आणि नंतर दर सहा महिन्यांनी करावी. कोरडा खोकला किंवा नवा दम लागू लागला तर तो हवेचा किंवा धुळीचा समजून थांबू नये, फुप्फुसांची तपासणी करून घ्यावी. या गोळीवर असताना त्वचा उन्हाने लवकर भाजते. सकाळी पर्वती किंवा सारसबागेला फिरायला जाणाऱ्यांनी ऊन चढण्याआधी परतावे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत.

६. सोबत काय घेऊ नये

माझ्या अनुभवात सर्वांत जास्त घोटाळे येथे होतात, आणि ते चिठ्ठीवरच्या औषधांनी होत नाहीत; चिठ्ठीशिवाय मागितलेल्या औषधांनी होतात.

गुडघा दुखतो म्हणून डायक्लोफेनॅक, ॲसेक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेतले, तर गुठळी रोखणाऱ्या औषधासोबत पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो आणि मूत्रपिंडावरही ताण येतो. अंगदुखीला किंवा तापाला पॅरासिटामॉल बरे, पण तेही वॉरफरिनसोबत आठवडाभर रोज घ्यावे लागले तर आयएनआर पाहावा. सर्दीच्या अनेक गोळ्यांत नाक मोकळे करणारे फिनाईलएफ्रिनसारखे घटक असतात, जे रक्तदाब वाढवू शकतात आणि ठोके बिघडवू शकतात. पित्तासाठी लोक सर्रास मागतात त्या कॅप्सूलमध्ये पॅन्टोप्रॅझोलबरोबर बऱ्याचदा डॉम्पेरिडोन असते. सोटॅलॉल किंवा ॲमिओडॅरोन घेणाऱ्यांत ते लयीचा वेगळाच, जिवावर बेतणारा बिघाड घडवू शकते. ॲझिथ्रोमायसिन आणि लिव्होफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकांचेही तसेच आहे. जुलाबासाठीचे मेट्रोनिडॅझोल आणि गजकर्णासाठीचे फ्लुकोनॅझोल वॉरफरिनचा परिणाम वाढवतात, तर क्षयरोगावरचे रिफॅम्पिसिन जुन्या आणि नव्या दोन्ही प्रकारच्या औषधांचा परिणाम पार घटवते. ही यादी पाठ करण्याची गरज नाही. दुकानात काहीही मागताना, अगदी खोकल्याचे औषध मागतानाही, "मला ठोक्यांच्या आणि गुठळीच्या गोळ्या चालू आहेत" हे वाक्य आधी म्हणावे आणि वही पुढे करावी.

काढे आणि चूर्णे हीही औषधेच आहेत. ज्येष्ठमध आपल्या घरोघरी खोकल्याला चघळतात. ते बरेच दिवस नियमित घेतले तर शरीरातले पोटॅशियम कमी होते, आणि पोटॅशियम कमी असताना डिगॉक्सिनची विषबाधा लवकर होते. अन्नावरची वासना जाणे, मळमळ, नाडी मंदावणे आणि वस्तू पिवळसर दिसणे या तिच्या खुणा. फोडणीतली हळद आणि लसूण खुशाल खावी, परंतु त्यांच्या अर्काच्या कॅप्सूल डॉक्टरांना न विचारता घेऊ नयेत. अर्जुनाची साल घेणाऱ्यांनीही ते डॉक्टरांना सांगावे. संकोच करू नये. भाद्रपदात बाजारात येणारा पपनस हा ग्रेपफ्रूटचाच पूर्वज आहे आणि ग्रेपफ्रूटमुळे काही औषधांचे रक्तातले प्रमाण वाढते, तेव्हा ॲमिओडॅरोन किंवा व्हेरापामिल चालू असेल तर तो टाळलेला बरा.

पालेभाज्यांविषयी फार गैरसमज आहेत. मेथी, पालक, चाकवत, कोथिंबीर, कोबी यांत जीवनसत्त्व के असते आणि ते वॉरफरिन व ॲसेनोक्युमॅरॉलच्या विरुद्ध काम करते. नव्या औषधांशी त्याचा संबंध नाही. पण म्हणून भाजी सोडायची नसते. रोजच्या जेवणात भाजी साधारण सारखी ठेवावी, कारण डॉक्टर आपल्या नेहमीच्या ताटाला जुळेल असाच डोस ठरवतात. थंडीत स्वस्त झाली म्हणून रोज मेथीची जुडी आणि उन्हाळ्यात महिनाभर काहीच नाही, असे झाले की आयएनआर हेलकावे खातो. दारूनेही तो हलतो आणि ठोकेही बिघडतात.

वारीला चालत जाणाऱ्यांनी डॉक्टरांना आधी भेटावे. उन्हाने, जुलाबाने किंवा कमी पाण्याने शरीर कोरडे पडले की मूत्रपिंडाचे काम मंदावते, आणि डिगॉक्सिन व डॅबिगॅट्रान रक्तात साठू लागतात.

७. गोळी थांबवायला सांगितली तर

हा भाग मी घरच्या अनुभवावरून लिहिते. सात वर्षांपूर्वी माझ्या वडिलांचा दात काढायचा होता आणि त्यांना गुठळीची गोळी "काही दिवस" बंद ठेवायला सांगण्यात आले. दात निघाला, जखम भरली, पण गोळी पुन्हा कधी सुरू करायची हे कोणी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. मी स्वतः या व्यवसायात असूनही विचारले नाही. एकोणिसाव्या दिवशी सकाळी चहाचा कप त्यांच्या उजव्या हातातून सुटला आणि त्यांना शब्द सापडेनात. आम्ही वेळेत रुग्णालयात पोहोचलो, बोलणे बरेच परत आले. त्यांची सही मात्र आजही पहिल्यासारखी होत नाही.

म्हणून दंतवैद्यांकडे, शस्त्रक्रियेआधी किंवा एंडोस्कोपीआधी गोळी थांबवायला सांगितली, तर दोन तारखा लेखी घ्याव्यात: थांबवण्याची आणि पुन्हा सुरू करण्याची. गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करावा. साधा एखादा दात काढण्यासाठी ती दीर्घकाळ बंद ठेवण्याची गरज सहसा नसते. या औषधांवर असताना कमरेत किंवा दंडात स्नायूतले इंजेक्शनही शक्यतो टाळावे, कारण आत रक्त साकळू शकते. दवाखान्यात हे आपणच आठवण करून द्यावे.

८. केव्हा थांबायचे नाही

दात घासताना थोडे रक्त येणे किंवा लहानसा काळानिळा डाग पडणे हे पुढच्या भेटीत सांगितले तरी चालते. डांबरासारखा काळा मल, लघवीतून रक्त, दहा-पंधरा मिनिटे दाबूनही न थांबणारा घोळणा, किंवा अचानक उठलेली तीव्र डोकेदुखी यांत त्याच दिवशी, त्याच तासाला रुग्णालय गाठावे. दुचाकीवरून पडून डोक्याला मार लागला असेल, तर बरे वाटत असले तरी तपासून घ्यावे, कारण गुठळी रोखणाऱ्या औषधावर असलेल्यांत मेंदूभोवतीचा रक्तस्राव काही तासांनी लक्षात येऊ शकतो. जवळच्या अंतरालाही हेल्मेट घालावे, ही माझी कळकळीची विनंती आहे.

तोंड एका बाजूला वाकणे, एक हात किंवा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, तसेच छातीत दुखणे किंवा शुद्ध हरपणे, यांत १०८ क्रमांकावर फोन करावा. मेंदूतली गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते, आणि ते देता येईल का हे रुग्णाने गुठळी रोखणारी कोणती गोळी शेवटची केव्हा घेतली यावर अवलंबून असते. यासाठी पाकिटात एक कार्ड कायम असावे: आजाराचे नाव, गुठळीच्या औषधाचे नाव व मिलिग्रॅम, ते घेण्याची रोजची वेळ, कृत्रिम झडप किंवा पेसमेकर असल्यास तसा उल्लेख, डॉक्टरांचा आणि घरच्या एका माणसाचा फोन. रुग्णवाहिका येईपर्यंत घरच्यांनी वही आणि चालू पट्ट्या पिशवीत भराव्यात, आणि रुग्ण शेवटचा व्यवस्थित केव्हा दिसला ती वेळ वहीच्या वरच्या कोपऱ्यात लिहावी.